वीस गेजचा पत्रा दर खेपेला वेगळा का निघतो?

शाळेच्या चोवीस लोखंडी कपाटांचं काम होतं. पहिली चौदा कपाटं झाली, रंग लागला, गेलीसुद्धा. मग पत्रा संपला म्हणून त्याच व्यापाऱ्याकडून तोच 'वीस गेज सीआर' पुन्हा मागवला (गेज म्हणजे जाडीचा नंबर, सीआर म्हणजे थंड लाटलेला पत्रा). ड्रॉइंग तेच, कटिंगची मापं तीच, फोल्डिंग मशीनही तेच. तरी पंधराव्या कपाटाची दोन्ही दारं लावून बघितली तर मधली फट जवळजवळ एक सूत (सुमारे तीन मिमी) जास्त. दाराच्या कडा फाकलेल्या, कुलूप बसेना, आणि दाराला हात लावला की डब्याचं झाकण वाजावं तसा आवाज.

फोल्डिंगवर आमचे जुने मामा असतात. त्यांनी दोन पट्ट्या पुन्हा मोडून बघितल्या आणि म्हणाले, "दादा, स्टॉपर तिथंच हाय, दाब तेवढाच हाय. कोन उघडाच ऱ्हातोय. ह्यो त्यो पत्रा न्हाई." मायक्रोमीटर लावला. पहिल्या खेपेचा उरलेला तुकडा ०.९८ मिमी, नवा पत्रा ०.८१. व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं, "अहो, वीसच आहे तो. वीसमध्ये हे चालतं."

राग आलाच. पण नंतर तक्ते काढून बसलो तेव्हा कळलं, की 'वीसमध्ये हे चालतं' हे वाक्य बाजारात टिकून आहे त्याला कारण आहे, आणि ते कारण कळल्याशिवाय ही भानगड मिटत नाही. व्यापारी बदलला तरी तिसऱ्या-चौथ्या खेपेला पुन्हा तेच होतं. ज्यांच्याकडे असं वारंवार घडतंय त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी खात्री करा, की बिघाड पत्र्यातच आहे

दार बसत नाही म्हटलं की आपण पहिल्यांदा मशीन किंवा कारागिरावर संशय घेतो. जाडी बदलली असेल तर खुणा एकत्र दिसतात. मशीनचा दाब न बदलताही कोन उघडा राहतो. समजा १.० मिमीसाठी ८ मिमीची व्ही डाय (खालचा व्ही खाचेचा साचा) लावली आहे आणि पंच (वरून दाबणारं पातं) नेहमीच्याच खोलीपर्यंत येतोय. पत्रा ०.२ मिमीने पातळ आला, तर पंच तेवढा कमी रुततो आणि कोन दोन-तीन अंशांनी मोकळा राहतो. दुसरी खूण रुंदीची. कापलेला तुकडा तेवढाच असला तरी घडी घातल्यावर बाहेरचं माप प्रत्येक घडीमागे साधारण ०.३ ते ०.४ मिमीने कमी भरतं. आमच्या दाराला दोन्ही बाजूंना दोन-दोन घड्या, म्हणजे एका दारामागे दीड मिमीच्या आसपास. दोन दारं समोरासमोर आली की मधली फट जवळपास सुताने वाढली. तिसरी खूण वेल्डिंगला दिसते. नेहमीच्या करंटवर भोकं पडायला लागतात, स्पॉट वेल्डिंगचे डाग खोल जातात.

या तिन्ही खुणा एकाच वेळी आल्या तर मशीनला हात लावू नका, पत्रा मोजा.

मोजताना होणाऱ्या चुका

व्हर्निअरने काठावर मोजणं ही सगळ्यात मोठी चूक. शिअरिंगवर कापलेल्या काठाला बर (कापताना उभी राहणारी धारदार कोर) असते, ती सहज दशांश मिमी वाढवते. म्हणजे ०.८ चा पत्रा ०.९ दाखवतो, आपण 'ठीक आहे' म्हणतो आणि कापायला घेतो. बर घासून काढा, काठापासून दीड-दोन इंच आत या, तेल-धूळ पुसा आणि मायक्रोमीटरने मोजा. रॅचेट दोन-तीनदा टिकटिकेपर्यंतच फिरवायचं, मुठीने आवळायचं नाही. त्याआधी मायक्रोमीटर पूर्ण बंद करून शून्य बरोबर आहे ना, तेही बघा. एका पत्र्यावर तीन ठिकाणी आणि एका गठ्ठ्यातले निदान तीन पत्रे मोजा. वरचा एकच पत्रा मोजून गठ्ठा पास करू नका.

खाचांची गोल गेज प्लेट पुष्कळांकडे असते. तिच्यात प्रत्येक खाचेच्या टोकाला एक गोल भोक असतं. पत्रा मोजायचा तो खाचेच्या सरळ भागात. भोक फक्त पत्रा किंवा तार मोकळी निघावी म्हणून असतं. पोरं तार भोकात घालून 'बसली' म्हणतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि प्लेटवर कुठल्या पद्धतीचं नाव कोरलंय तेही वाचा, ते का ते पुढे येईलच.

मायक्रोमीटर नसेल तर वजन ही सगळ्यात खरी परीक्षा आहे. १०० × १०० मिमीचा चौकोनी तुकडा नीट मापात कापा आणि सोनाराच्या किंवा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. साध्या लोखंडी पत्र्याचा असा तुकडा १.० मिमी जाडीला ७८.५ ग्रॅम भरतो. ०.९ ला साधारण ७०.६, ०.८ ला ६२.८. म्हणजे आलेलं वजन ७८.५ ने भागलं की जाडी मिमीमध्ये मिळाली. ॲल्युमिनियमला ७८.५ ऐवजी २७ धरा, ३०४ स्टेनलेसला ७९ च्या थोडं वर. ही रीत मला मायक्रोमीटरपेक्षाही आवडते, कारण ती बर, बाक, रंगाचा थर यांना फसत नाही. फक्त तुकडा खरोखर १०० × १०० हवा. दोन्ही बाजूंना एक-एक मिमी कमी भरला तरी उत्तर दोन टक्क्यांनी चुकतं.

गेज म्हणजे नेमकं काय?

गेजचा आकडा मुळात पत्र्याचा नाहीच, तारेचा आहे. तार ओढण्याच्या पट्टीतून सळई जितक्या वेळा ओढली तितकी ती बारीक होत गेली. त्या फेऱ्यांचा नंबर म्हणजे गेज. म्हणून नंबर मोठा तर जाडी कमी. दर फेरीला किती बारीक व्हायचं हे ज्याच्या-त्याच्या पट्टीवर अवलंबून होतं, त्यामुळे इंग्लंडमध्ये जेवढे कारखाने तेवढे तक्ते झाले. तो गोंधळ आवरायला १ मार्च १८८४ पासून तिथे एक सरकारी तक्ता लागू झाला. तोच एसडब्ल्यूजी, म्हणजे स्टँडर्ड वायर गेज. आपल्याकडे बाजारात बोलली जाणारी गेजची भाषा इंग्रजांच्या काळापासूनची, ती याच तक्त्याची. त्यात १४ गेज २.०३ मिमी, १६ गेज १.६३, १८ गेज १.२२, २० गेज ०.९१, २२ गेज ०.७१ आणि २४ गेज ०.५६.

आता मुख्य मुद्दा. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि पोलाद कारखाने पत्रा मिलिमीटरमध्ये लाटतात. बाजारात सहज मिळणाऱ्या जाड्या म्हणजे २.०, १.६, १.२, १.०, ०.८, ०.६, ०.५. वरच्या तिघांची काळजी नाही. २.० म्हणजे जवळपास १४, १.६ म्हणजे १६, १.२ म्हणजे १८. खालच्या जाड्या एसडब्ल्यूजीच्या तक्त्यात शोधा. १९ गेज १.०१६ मिमी आहे, २१ गेज ०.८१३, २३ गेज ०.६१० आणि २५ गेज ०.५०८. म्हणजे १.० चा पत्रा खरं तर एकोणीस गेज, ०.८ चा एकवीस, ०.६ चा तेवीस, ०.५ चा पंचवीस. सगळे विषम आकडे! आणि विषम आकडा बाजारात कोण बोलतं? मी तरी आजवर काउंटरवर कुणी 'एकवीस गेज द्या' म्हटलेलं ऐकलेलं नाही. सगळे सोळा, अठरा, वीस, बावीस, चोवीस.

मग काय होतं? आपण वीस मागतो, म्हणजे ०.९१. गोदामात १.० आहे आणि ०.८ आहे. ०.९ ठेवणारे कमी. व्यापारी त्या दिवशी जो पत्रा हाताशी असेल तो 'वीस' म्हणून देतो. एका खेपेला वरचा, एका खेपेला खालचा. ०.८ दिला तर त्याला 'बावीस' म्हणणाराही कुणी भेटतो, आणि १.० ला 'हलका अठरा' म्हणून खपवणाराही. म्हणजे एकाच ०.८ च्या पत्र्याला एका दुकानात वीस म्हणतात, शेजारच्या दुकानात बावीस. आमच्या कपाटांचं हेच झालं होतं. पहिली खेप १.० ची, दुसरी ०.८ ची, आणि दोन्ही चलनांवर अक्षरं एकच: 'सीआर २० जी'.

०.२ मिमी म्हणजे नखाएवढंही नाही असं वाटतं. पण पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनात बदलतो. ०.८ चा घन ०.५१२. म्हणजे सपाट भागात ०.८ चा पत्रा १.० च्या निम्माच ताठ. कपाटाचं दार वाजत होतं ते यामुळे. फळीवर पुस्तकांचे गठ्ठे ठेवल्यावर काय झालं असतं याचा विचार करा, तेही शाळेत.

मोबाईलवरचा तक्ता

यात भर घालतो तो इंटरनेटवरचा तक्ता. 'शीट गेज चार्ट' असं शोधलं की बहुतेक वेळा अमेरिकन तक्ता समोर येतो. अमेरिकेने १८९३ साली लोखंडी पत्र्यासाठी स्वतःचा गेज कायद्याने ठरवला, तोही जाडीवर नाही, वजनावर. वीस नंबर म्हणजे एका चौरस फुटाला दीड पौंड, अठरा म्हणजे दोन पौंड. पुढे त्याचे धातूनुसार फाटे फुटले. आज अमेरिकन तक्त्यात २० गेज साधं पोलाद ०.९१ मिमी, गॅल्व्हनाइज्ड (झिंक चढवलेलं) १.०१, स्टेनलेस ०.९५ आणि ॲल्युमिनियम ०.८१. जुन्या बर्मिंगहॅम गेजमध्ये तोच वीस ०.८९. आकडा एकच, जाडी ०.८१ पासून १.०१ पर्यंत. परदेशी ग्राहकाचं ड्रॉइंग आलं आणि त्यावर नुसतं '२० जीए' लिहिलं असेल, तर मिमी विचारून घेतल्याशिवाय कोटेशन देऊ नका. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेज निवडायची यादी असते तिथेही कुठला तक्ता भरलाय ते उघडून बघा. बेंडची वजावट (घडीसाठी कटिंगच्या मापातून वजा करायची लांबी) त्या जाडीवरून निघते.

जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याबाबत एक सबब नेहमी ऐकू येते: "झिंकमुळे कमी-जास्त दिसतं." झिंकचा थर मोजून बघू. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम झिंक. त्याची जाडी दोन्ही बाजूंची मिळून ०.०१७ मिमी होते. २७५ जीएसएमचा भारी थर घेतला तरी ०.०४ च्या आत. दशांश मिमीचा फरक झिंकने पडत नाही. छपराच्या रंगीत पत्र्याला मात्र हा प्रश्न खरा आहे. तिथे ०.५० मिमी म्हणजे रंग आणि लेपासकट एकूण जाडी की आतल्या पोलादाची, हे विचारलंच पाहिजे. लेप आणि रंग धरून आत पोलाद ०.४३-०.४५ उरतं, आणि वादळात छप्पर धरून ठेवतं ते हेच आतलं पोलाद.

हिशेब कुठे बुडतो?

पत्रा किलोवर घेतो, काम नगावर देतो. यात जाड पत्रा आला तरी आपण मार खातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पन्नास पत्र्यांचं काम ०.९ धरून लावलं. २५०० × १२५० चा पत्रा ०.९ ला २२.१ किलो, म्हणजे पन्नास नग सुमारे ११०४ किलो. आला १.० चा, प्रत्येकी २४.५ किलो, पन्नास नग १२२७. सव्वाशे किलोच्या आसपास पत्रा जास्त घ्यावा लागला, आणि ग्राहक त्याचा एक पैसा जास्त देणार नाही. उलट नगावर पत्रा घेतला आणि पातळ आला, तर व्यापाऱ्याचा फायदा.

आणि पत्र्याची लांबी-रुंदीही मोजा. 'आठ बाय चार' म्हणून जो पत्रा येतो तो कधी खरोखर ८ × ४ फूट असतो, कधी २५०० × १२५० मिमी. १.० मिमीला पहिला २३.३ किलो भरतो, दुसरा २४.५. नुसत्या वजनावरून जाडी काढायला गेलात आणि माप चुकीचं धरलंत, तर पाच टक्क्यांची चूक तिथेच झाली.

ऑर्डर कशी द्यायची?

तोंडी ऑर्डर बंद केली. आता व्हॉट्सॲपवर लिहून पाठवतो: 'सीआर पत्रा, जाडी १.०० मिमी, २५०० × १२५० मिमी, ५० नग. मोजून ०.९५ पेक्षा कमी भरला तर गाडी उतरवणार नाही. एका नगाचं वजन साधारण २४.५ किलो.' गेज हा शब्द त्यात येऊच देत नाही. चलनावरही मिमीच लिहून मागतो. पहिल्यांदा व्यापारी कुरकुरले, पण मिमी लिहिल्यावर 'वीसमध्ये चालतं' हे म्हणायला जागाच उरत नाही. अगदी १.०० काटेकोर मागणंही बरोबर नाही. कारखान्याच्या पत्र्यालाही मानकाने थोडं कमी-जास्त माफ असतं, ०.९५ ते १.०५ च्या दरम्यान आलं तर मी वाद घालत नाही. ०.८१ आला तर तो १.० नव्हेच, तिथे वाद घालायचाच.

गाडी आली की हमालांनी गठ्ठा उतरवण्याआधी दोन पत्रे मोजायचे. उतरवला, पट्ट्या तोडल्या, एक पत्रा कापला की परत घेणार नाहीत, आणि त्यात त्यांचंही चुकत नाही.

पाइपलाही हेच लागू. '१६ गेज चौकोनी पाइप' म्हणून १.६ च्या जागी बऱ्याचदा त्याहून पातळ येतो. पाइपच्या कापलेल्या तोंडावर मोजताना बर आधी घासा आणि आतल्या वेल्डच्या रेघेवर मोजू नका, तिथे जाडी जास्त भरते.

पंप रिवाइंडिंग करणाऱ्यांसाठी दोन ओळी

हा विषय पत्र्यापुरता नाही. मोटार रिवाइंडिंगला आपल्याकडे एसडब्ल्यूजी चालतं, पण काही जण मोबाईलवर अमेरिकन एडब्ल्यूजीचा तक्ता बघतात. वीस एसडब्ल्यूजी तार ०.९१४ मिमी व्यासाची, वीस एडब्ल्यूजी ०.८१२. व्यासात फरक थोडा दिसतो, पण तांब्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी कमी होतं. अठराला हाच फरक २९ टक्के. मोटार चालू होते, पाणीही देते, आणि उन्हाळ्यात सलग चालली की जळते. शेतकरी म्हणतो व्होल्टेज कमी होतं. जळालेल्या वाइंडिंगची तार सोला, इनॅमल काढा आणि मायक्रोमीटरने उघडं तांबं मोजा. नंबरवर जाऊ नका.

प्लास्टिकच्या कागदाचं गेज तर उलटंच चालतं. तिथे १०० गेज म्हणजे २५ मायक्रॉन, २०० गेज म्हणजे ५० मायक्रॉन, नंबर वाढला की जाडी वाढते. शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा कागद हवा असेल तर '५०० मायक्रॉन' असंच बोला. '५०० गेज' म्हणालात तर १२५ मायक्रॉनचा कागद पदरात पडेल, आणि तो तळ्यात टिकणार नाही.

चुकीचा पत्रा कापून झाला असेल तर

आमच्याकडे दहा कपाटांचा पत्रा कापून झाला होता. दारं आणि फळ्या परत १.० मध्ये केल्या, तो खर्च आम्ही सोसला, कारण कापलेला पत्रा कुणीही परत घेत नाही. ०.८ चे तुकडे मागच्या बाजूला वापरले. तिथे पत्रा चारही बाजूंनी चौकटीला स्पॉट केलेला असतो, मधे एक उभी पट्टी दिली की तो वाजत नाही. पातळ पत्र्याचीच फळी करायची वेळ आली तर पुढची घडी वाढवा आणि तिला आत परत एक घडी घाला. सपाट भागात गेलेला ताठरपणा बराचसा कडेच्या घडीत परत मिळतो. फोल्डिंगला पंच ०.२ ने खाली घ्या, कटिंगची लांबी नव्या वजावटीने पुन्हा काढा आणि एक दार पूर्ण करून चौकटीत बसवून बघितल्याशिवाय बाकीचं कापू नका.

आता आमच्याकडे प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेवर मामाच ऑइल पेंटने जाडी लिहितात, मिमीमध्ये, लांबून दिसेल अशी. मागच्या आठवड्यात एका गठ्ठ्यावर त्यांनी ०.९२ लिहिलं होतं. व्यापाऱ्याच्या चलनावर १.०० होतं. गाडी परत गेली.